मागचं अंथरूण

लंडन,
११ फेब्रुवारी १९८५

प्रिय म्युरिएल हिस,
धाकटीचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र आणि पार्किनचा डबा दोन्ही पोचलं. आल्याचा तो केक आठवडाभर मुरवून खायचा असतो हे मला ठाऊक आहे. तरी तो तिसऱ्या दिवशी संपला, तेव्हा त्यावर भाषण नको. इथे नळ गोठलेत आणि खालच्या मजल्यावरच्या बाई रोज येऊन मलाच जाब विचारतात. तू टेलिफोन घेत नाहीस म्हणून बोटं गारठवून लिहिते आहे. घंटा वाजली की छातीत धस्स होतं म्हणतेस. पोस्टमनने दार वाजवलं की होत नाही का, ते एकदा कळव.

माझं काम बरं चाललंय. गेल्या वर्षी तीनदा मेले. दोनदा हॉस्पिटलच्या मालिकेत आणि एकदा जिन्यावरून पडून. दिग्दर्शक म्हणाला की तुमच्याइतकं नीटनेटकं मरणारं माणूस हल्ली मिळत नाही. पस्तीस वर्षांत टेलिव्हिजनवर मी घरमालकीण झाले, मेट्रन झाले, मोलकरीण, शेजारीण आणि पाच खुनांची साक्षीदार झाले, पण नाव कुणाला ठाऊक नाही. काल खाटकाच्या दुकानात एका बाईने मला निरखून पाहिलं आणि विचारलं की तुम्ही आमच्या को-ऑपमध्ये चीजच्या काउंटरला होतात ना. मी हो म्हटलं. मग तिने तिथल्या चीजबद्दल तक्रार केली, आणि ती वरच्यांच्या कानावर घालायचं मी कबूल केलं.

आता खरं कारण. जुन्या टेलिव्हिजनवर एक कार्यक्रम होतोय. त्यात चार-पाच जणांशी गप्पा आणि प्रत्येकाच्या गाजलेल्या कामाचा तुकडा. त्यांना माझं ‘नऊ नंबरचं घर’ हवं आहे. सदुसष्ट साली केलेली ती मालिका, कालव्याकाठची घरमालकीण मिसेस पॉग्सन. माझ्या आयुष्यात एवढीच एक भूमिका अशी झाली की रस्त्यात लोक मला पॉग्सनबाई म्हणून हाक मारायचे. कार्यक्रमाचं काम बघणारी मिस पेटिफर म्हणून मुलगी आहे, गोड आहे, पण तिने सांगितलं की आठही भागांच्या टेप पुसल्या गेल्या. तेव्हा पद्धतच होती, पुसायचं आणि त्याच टेपवर दुसरं भरायचं. तुकडा मिळाला नाही तर माझी खुर्चीही निघणार.

तुमच्या घरात ती मालिका कुणी पाहिली नाही आणि का पाहिली नाही, हे मी विसरलेले नाही. तरी विचारते. टॉडमॉर्डनमध्ये कुणाकडे काही असेल का? फोटो, कात्रण, काहीही. मला ते हवंय, आणि फक्त कार्यक्रमासाठी नकोय.

राग असेल तो कमी व्हावा, माया असेल ती राहू द्यावी.
तुझी,
अ‍ॅव्हिस


टॉडमॉर्डन,
१६ फेब्रुवारी १९८५

चि. अ‍ॅव्हिस हिला (त्रेसष्टची झालीस तरी चि.च),
मोठ्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पार्किनबद्दल काही बोलत नाही, पुढच्या वेळी डब्याला कुलूप लावून पाठवीन. इथे बर्फ गुडघाभर आहे. चॅपलच्या छपरातून पाणी गळतं, बरोबर माझ्या जागेवर, त्यामुळे मी गायकवृंदात छत्री घेऊन बसते. गुरुवारचा सराव मात्र चुकवलेला नाही.

तू विचारलंस ते आमच्याकडे काही नाही. कसं असेल? पहिला भाग लागला त्या रात्री सगळी गल्ली आपल्या घरात गोळा झाली होती, हे तुला कुणी सांगितलं का? आपल्या गल्लीतली मुलगी टेलिव्हिजनवर, म्हणून आईने चांगला टेबलक्लॉथ काढला, मांसाची आणि बटाट्याची पाई केली, सोबत लोणच्यातली लाल कोबी. आणि तू काय केलंस? आईची ओठबोली केलीस. एकेचाळीस वर्षं गिरणीत मागांच्या खडखडाटात, जिथे आवाज पोचत नाही तिथे उभं राहून, नुसत्या ज्या ओठांनी ती बोलली, तेच ओठ वाकडे करून तू सगळ्या देशाला हसवलंस. कुणाला ‘ऑपरेशन’ झालं, कुणाला ‘दिवस गेलेत’ म्हणायचं झालं की आई आवाज काढून घ्यायची आणि नुसते ओठ हलवायची, तेसुद्धा सोडलं नाहीस. सोमवारी को-ऑपमध्ये एका दीडशहाणीने आईला तसंच तोंड करून काय हवं ते विचारलं. आई पिशवी तिथेच टाकून घरी आली. टेलिव्हिजनवर तिने कापड घातलं आणि सांगितलं की आपल्या घरात हे पुन्हा लागणार नाही. मग मला कागद घ्यायला लावला. तिला लिहिता कुठे येत होतं, बाराव्या वर्षी गिरणीत गेलेली. तिची सगळी पत्रं माझ्याच हातची. तिने सांगितलं की अ‍ॅव्हिसला लिही, आम्ही बोलावल्याशिवाय घरी येऊ नकोस. मी अक्षर न् अक्षर तसंच लिहिलं.

त्यानंतर पंधरा-सोळा महिन्यांनी ती गेली, आणि शेवटच्या वर्षात तिचं काहीतरी बिनसलंच होतं. दर शनिवारी मागच्या खोलीतल्या रिकाम्या पलंगात गरम पाण्याची पिशवी ठेवायला लावायची. तिथे झोपायला कुणी नाही, पण अंथरूण ओलसर होता कामा नये. जिना चढून पिशवी कोण भरून नेत होतं? मीच. तू लंडनला टाळ्या घेत होतीस.

लिहून टाकलं, आता पाठवते. क्लिफर्डचं माळ्यावरचं सामान मी विधवा झाल्यापासून तसंच पडून आहे, पण त्यात सगळं त्याच्या बँडचं. तुझ्या कामाचं नाही.

प्रकृतीला जप, लोकरीचं घाल, आणि तोडून बोलले तरी तुझीच समज.
म्युरिएल


लंडन,
२१ फेब्रुवारी १९८५

प्रिय म्युरिएल हिस,
धाकटीचा नमस्कार, जरा वाकून. वि. वि.

पाई केली होती हे मला ठाऊक नव्हतं. लाल कोबीचं वाचून मी खुर्चीवर बसूनच राहिले.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. आज सांगते, कारण ती माझ्याशिवाय आता कुठेच उरलेली नाही.

सहाव्या भागात मिसेस पॉग्सनची भाडेकरू मुलगी घर सोडून जाते. ती बाहेर, मी खिडकीच्या आत, मधे काच. संहितेत एवढंच होतं की ती काहीतरी बोलते, ऐकू येत नाही. दिग्दर्शकाने सांगितलं की ओठ हलवा, वाण्याची यादी म्हटलीत तरी चालेल, कुणाला कळतंय. तेव्हा आईचं ते पत्र येऊन तीन आठवडे झाले होते. मी चार उत्तरं लिहून फाडली होती, कारण कुठलंही उत्तर तुझ्या हातात पडणार आणि तू ते आईला वाचून दाखवणार. तू वाचताना कुठे थांबशील हेसुद्धा मला दिसत होतं. मग कॅमेरा चेहऱ्याजवळ आला आणि मी आईशी बोलले. तिच्याच बोलीत. नीट, सावकाश, मागाच्या पलीकडे उभ्या असलेल्या बाईला सांगावं तसं. मी म्हणाले की आई, मी तुझी चेष्टा नाही केली. मला जे येतं ते सगळं तुझं आहे, दुसरं माझ्याकडे काही नाही. घरी येऊ का?

दिग्दर्शकाला वाटलं मी फार सुंदर अभिनय केला. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. लोक अजून त्या खिडकीबद्दल बोलतात. मी पोस्टाची वाट बघत होते.

डिसेंबरात तुझ्या हातचं आईचं पत्र आलं. त्यात त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. मी समजायचं ते समजले. बोलावणं आलं नाही, म्हणून गेले नाही, आणि गेले ती तिला पोचवायला. तिने पाहिलं आणि उत्तर दिलं नाही, की कापड काढलंच नाही आणि पाहिलंच नाही, हे सतरा वर्षं मला कळलेलं नाही. दुसरं खरं असेल तर मला बरं वाटेल. मिस पेटिफरकडे तुकडा मिळाला असता तर निदान एकदा बघितलं असतं की मी स्पष्ट बोलले होते का. आईला समजेल असं बोलले होते का.

मी लोकरीचं घालते. तूही छत्री मोठी घे.

जशी आहे तशी पदरात घे.
अ‍ॅव्हिस


टॉडमॉर्डन,
३ मार्च १९८५

प्रिय अ‍ॅव्हिस हिला,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र लिहायला मी तीनदा बसले. आधी चहा घे आणि मग वाच.

तुझं पत्र घेऊन मी शेजारी अ‍ॅलिस फील्डनकडे गेले. आईच्या शेजारचे माग तिचे, सव्वीस वर्षं. मी विचारलं की तू ती मालिका बघायचीस का, खिडकीचं आठवतं का. ती म्हणाली की आठवायला काय झालं, गिरणीतल्या आम्ही सगळ्याजणींनी वाचलं होतं, पोर आईला घरी येऊ का विचारतेय म्हणून. मी म्हटलं की मग इतकी वर्षं तोंड शिवून बसलात का. तर अ‍ॅलिस माझ्याकडे अशी बघायला लागली जशी काही मीच बाहेरून आले आहे. म्हणाली की बाई, तू ऑफिसात हिशेब करायचीस, तुला मागांवरची रीत काय ठाऊक. तिथे एकीचं बोलणं सगळ्यांना दिसतं. म्हणून दुसरीला सांगितलेलं दिसलं तरी ते दिसलं नाही असं धरायचं, आणि कुठे न्यायचं नाही. नाहीतर गिरणीत एकही घर शाबूत राहिलं नसतं.

मी म्हटलं की ज्या एकीला सांगितलं तिने तर पाहिलंच नाही. त्यावर अ‍ॅलिस हसली, आणि तिने सांगितलं की तुझ्या आईने एकही भाग सोडला नाही. गुरुवारी मी चॅपलला निघाले की क्लिफर्ड टेलिव्हिजनवरचं कापड काढायचा आणि मी परत यायच्या आत पुन्हा घालायचा. भिंतीपलीकडून अ‍ॅलिसला ऐकू यायचं. माझ्या घरात, माझा नवरा आणि माझी आई. तो बिचारा साधा म्हणून मी एकतीस वर्षं संसार केला.

मी तशीच माळ्यावर गेले. या वयात शिडी चढू नये, माहीत आहे. क्लिफर्डच्या टेपच्या डब्या तू पाहिल्या आहेस, प्रत्येकीवर त्याचं ते टपोरं अक्षर. बँड सराव, मंगळवार. बँड सराव, शुक्रवार. सगळ्या तशाच. मी खाली उतरणार होते, तेवढ्यात एक डबी दिसली. बँड सराव, गुरुवार. बँड गुरुवारी कधी जमलाच नाही. अशा सात निघाल्या, दुसऱ्या भागापासून आठव्यापर्यंत. मायक्रोफोन टेलिव्हिजनपुढे स्टुलावर ठेवून त्याने भरल्या असणार. टेपरेकॉर्डरचा पट्टा तुटला होता. बँडचे सेक्रेटरी मिस्टर अटली यांनी बदलून दिला आणि काय ऐकणार म्हणून विचारलं. मी बँड म्हटलं.

काल दुपारी एकटीने ऐकलं. चित्र नाही, नुसता आवाज. तुझा आवाज, पॉग्सनबाईचा. अ‍ॅव्हिस, तू चांगलं करतेस गं. मी तुला हे कधी म्हटलं नव्हतं. मधूनमधून क्लिफर्डचा खोकला येतो, आणि तो खोकला ऐकून मला यंत्र बंद करावं लागलं. पुन्हा लावलं. मग त्या मुलीच्या बॅगेचा आवाज, दाराचा आवाज, आणि मग सगळं शांत. ती तुझी खिडकी. टेपवर काहीच नाही, आपल्या घड्याळाची टिकटिक तेवढी.

आणि त्यात आई बोलली.

तिला वाटलं असणार की ती नुसते ओठ हलवतेय. तुला तुझ्याच बोलीत उत्तर देतेय, आवाज न काढता. पण मागांनी तिचे कान कधीच खाल्ले होते, आपला आवाज निघतोय हे तिला कुठे कळायचं? चांगला खणखणीत निघाला. ती म्हणाली की मग ये ना, विचारतेस कसली. मागचं अंथरूण मी शेकून ठेवते. आणि वर म्हणाली की ओठ नीट उघड, शेवटचं अर्धं गिळलंस.

नंतर क्लिफर्डला तिने दम दिला की यातलं म्युरिएलला काही सांगायचं नाही, नाहीतर कापड कशाला घातलं होतं म्हणून ती माझं डोकं खाईल. तो बरं म्हणाला. बरं म्हणण्यात तो वाघ होता.

आता माझं ऐक. हे सांगितल्याशिवाय पत्राला तिकीट लावणार नाही. त्या डिसेंबरात आईने मला कागद घ्यायला लावला. कोळशाचं सांगितलं, चॅपलच्या छपराचं सांगितलं, अ‍ॅलिसच्या मांजरीला चार पिल्लं झाल्याचं सांगितलं. मग म्हणाली की शेवटी लिही, मागचं अंथरूण शेकून ठेवलंय. मला वाटलं, हिला भ्रम झाला. आणि खरं सांगायचं तर मला रागही आला. जी येत नाही तिच्यासाठी मी पिशव्या भरायच्या, वर तिला ते कळवायचं? मी ती ओळ लिहिली नाही. वाचून दाखवताना मात्र ती घालून वाचली. आईने मान हलवली. दर शनिवारी ती खिडकीशी बसायची, मी म्हणायचे की तिथे वारं लागतं, आत ये.

येऊ नकोस म्हणून लिहिलेलं मी शब्दशः लिहिलं होतं. ये म्हणून सांगितलेलं मी लिहिलं नाही. तू मला काय म्हणायचं ते म्हण. टेप जपून ठेवली आहे. तुझ्या कार्यक्रमाला हवी असेल तर कळव.

तोंड नाही मागायला, तरी माया असू दे.
म्युरिएल


लंडन,
१४ मार्च १९८५

प्रिय म्युरिएल हिस,
नमस्कार. वि. वि.

उत्तराला दहा दिवस लागले. पहिले चार दिवस मी तुझ्यावर इतकी चिडले होते की समोर असतीस तर काय बोलले असते सांगवत नाही. ते सगळं मी भांडी घासताना मोठ्याने बोलून घेतलं, तुझ्या वाट्याचंही मीच बोलले, आणि तुझी बाजू मला जरा बरी वठली. पस्तीस वर्षं मोठ्या बहिणी करतेय, त्याचा परिणाम. तुझ्या जागी मी असते आणि दर शनिवारी तो जिना चढत असते, तर मीही ती ओळ लिहिली नसती. हे मनापासून लिहिते.

पाचव्या दिवशी मला आईचं शेवटचं बोलणं आठवून हसू फुटलं, बसमध्ये. शेवटचं अर्धं गिळलंस. देशभर वाहवा झाली त्या प्रसंगाची, आणि चूक काढली ती एकीनेच. तिचं बरोबर आहे, म्युरिएल. घरी येऊ का म्हणताना मला रडू येत होतं आणि मी ओठ मिटले होते. तरी तिने वाचलं.

मिस पेटिफरला मी आवाज सापडल्याचं सांगितलं. ती हरखली, म्हणाली की फोटो दाखवून त्यावर ती टेप वाजवू, मधे तुमच्या आईचा आवाज आला की लोक रडतील. मी तिला नाही म्हटलं. मागांवरचं बोलणं आहे, ते दिसलं तरी कुठे न्यायचं नाही. तिला ते कळलं नाही आणि माझी खुर्ची गेली. माझ्या जागी कुत्र्यांच्या मालिकेतले एक गृहस्थ येताहेत.

मी डिसेंबरातलं ते पत्र पेटीतून काढलं. कोळसा, छप्पर, चार पिल्लं. तुझं अक्षर तेव्हा किती सुरेख होतं. आणि तळाशी, सही करण्याआधी, दोन बोटं कोरी जागा सोडलेली आहे. तू तिथे पेन टेकवलं होतंस, बारीक ठिपका आहे. सतरा वर्षं तो ठिपका मला शाईचा डाग वाटत होता.

टेप पोस्टाने पाठवू नकोस. मला ती आपल्या घरात, त्या घड्याळाच्या टिकटिकीत ऐकायची आहे. पण आईची ताकीद आहे की बोलावल्याशिवाय यायचं नाही. आणि बोलावणं मला अजून आलेलं नाही.

वाट बघते. बघायची सवय आहे, पण आता फार नको.
तुझी,
अ‍ॅव्हिस


टॉडमॉर्डन,
१० डिसेंबर १९६७
(पुन्हा लिहून पोस्टात टाकलं १९ मार्च १९८५)

चि. अ‍ॅव्हिस हिला,
आईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. कोळसा ओला येतो आणि नुसता धूर करतो. चॅपलचं छप्पर गळतं आहे, पण त्याला कुणी हात लावेल असं दिसत नाही. शेजारच्या अ‍ॅलिसच्या मांजरीला चार पिल्लं झाली, एक पांढरं आहे.

मागचं अंथरूण शेकून ठेवलंय.

तुझी,
आई
हस्ते म्युरिएल